अडीच हजार रुपये किलो

गेल्या शनिवारी मामाकडे मुळशीला गेलो होतो. तसं हे वाक्य चुकीचंच आहे म्हणा. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, म्हणजे सोमवार ते शुक्रवार मी मुळशीतच असतो. पण आयटी पार्कात जाताना "मुळशीला चाललो" असं कोणी म्हणत नाही. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत गाडी धरणाच्या पाण्याच्या कडेला लागली, की मग ती मुळशी. असो.

जायची कारणं दोन होती. एक म्हणजे धाकट्या मामेबहिणीचा एफवायबीकॉमचा मायक्रो इकॉनॉमिक्सचा पेपर मंगळवारी होता आणि तिचा धीर सुटला होता. मी इंजिनियर, इकॉनॉमिक्सशी माझा संबंध कॉलेजमधल्या एका ऐच्छिक विषयापुरता आणि पुढे हौसेनं वाचलेल्या चार-दोन पुस्तकांपुरता. पण आमच्याकडे "कॉम्प्युटरवाला" म्हणजे टीव्ही दुरुस्तीपासून इन्कम टॅक्सपर्यंत सगळं येणारा माणूस, त्यामुळे सुटका नव्हती.

दुसरं कारण जरा नाजूक. थोरल्या मामेभावाचा फोन आला होता. "दादा, तू जरा अण्णांना समजाव. तुझं ऐकतील." रस्त्याला लागून वीस गुंठ्यांचं भाताचं खाचर आहे, त्याला पुण्याची पार्टी आलीय. गुंठ्याला चार लाख. थोरला पिरंगुटला एका कंपनीत कंत्राटावर आहे, दर अकरा महिन्यांनी पोटात गोळा. त्याला स्वतःचे दोन टेम्पो घ्यायचेत. मामा "बघू" म्हणतात, आणि मामांचं "बघू" म्हणजे नाही. तेव्हा मी रीतसर एक्सेल शीट बनवून, लॅपटॉप घेऊन निघालो.

(खरं सांगायचं तर मी अगदीच तटस्थ पंच नव्हतो. गेली दोन वर्षं मी स्वतः 'लेक व्ह्यू प्लॉट'च्या जाहिराती बघतोय. मामांकडे आलेली पार्टी म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी, फक्त ईएमआय लवकर संपलेला.)

तर आधी अभ्यास. धाकटीनं पुस्तक उघडलं. पहिल्याच धड्यात संधी खर्च, आणि उदाहरण तोफा आणि लोण्याचं! तोफा वाढवल्या तर लोणी कमी, लोणी वाढवलं तर तोफा कमी. मला म्हणाली, "दादा, आपल्याकडं लोणी हाय, तोफ न्हाई. मग?"

हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. जगभरची ही पुस्तकं अशाच उदाहरणांवर चालतात आणि पोरं ती जशीच्या तशी घोकतात. मी म्हटलं, पुस्तक मिट. मामा आंबेमोहोर किती लावतात आणि इंद्रायणी किती, ते सांग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबेमोहोर हा या मावळपट्ट्यातला जुना तांदूळ. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून हे नाव. लहान मुलांचा, आजाऱ्याचा मऊ भात करावा तर याचाच. पण पीक मोठं नखरेल. ताटं उंच होतात आणि ऐन दाणा भरताना वारा-पाऊस आला की आडवी लोळतात. शिवाय करप्याची भीती, आणि एवढं करून उतारा कमी. लोणावळ्याजवळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये याच आंबेमोहोरापासून इंद्रायणी काढला. वास थोडा कमी, पण पीक जवळजवळ दुप्पट. पुण्यात आपण वर्षाची भरणी करतो ती बहुतेकदा इंद्रायणीची.

मामांच्या त्याच वीस गुंठ्यांचा हिशोब वहीत मांडला. आंबेमोहोर लावला तर पाच पोती भात, इंद्रायणी लावला तर दहा. पोतं पंचाहत्तर किलोचं. गिरणीतून भरडून आणला की शंभर किलो भाताचा धरा साठ किलो तांदूळ. म्हणजे आंबेमोहोर २२५ किलो, इंद्रायणी ४५०. आता मामा इंद्रायणी विकतात साठ रुपयांनी आणि आंबेमोहोर एकशे दहानं.

"आंबेमोहोर महाग, मग तोच परवडत असंल की," धाकटी म्हणाली.

"गुण."

२२५ गुणिले ११० म्हणजे २४,७५०. ४५० गुणिले ६० म्हणजे २७,०००. पोरगी वहीकडे बघतच राहिली. एक किलो आंबेमोहोर पिकवायचा तर दोन किलो इंद्रायणीवर पाणी सोडावं लागतं, म्हणजे एकशेवीस रुपयांवर. तो संधी खर्च. आमच्या सोसायटीतले लोक एकशे दहाला "अहो, फार होतात हो" म्हणून कुरकुरतात, आणि इकडे मामा किलोमागे दहा रुपये पदरचे घालून आंबेमोहोर लावत बसलेत. खिशातून काहीच जात नाही, म्हणून तो खर्च दिसत नाही इतकंच. आणि मुळशीत आंबेमोहोर कमी का झाला याच्या उत्तराचा मोठा भाग या दोन गुणाकारांत आहे.

मी विजयी मुद्रेनं मान वर केली तर मामी चुलीपाशी हसत होत्या. "आन् पेंढा?"

पेंढा मी धरलाच नव्हता! आंबेमोहोराची ताटं उंच, म्हणजे पेंढा जास्त. दारात दोन म्हशी. उन्हाळ्यात पेंढा विकत घ्यायचा तर काय भाव पडतो ते मामींनी तोंडी सांगितलं. दहा रुपयांची तूट जवळजवळ भरून निघाली. एका पिकाची दोन उत्पादनं असतील तर दोन्ही मोजायची असतात, हेही पुस्तकात आहेच, पण पुढच्या धड्यात. मी पुढचा धडा वाचून आलो नव्हतो.

मग मागणी-पुरवठा, लवचिकता, घटती सीमांत उपयोगिता वगैरे भराभर उरकलं. सीमांत उपयोगितेला मामींच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या पुरल्या. पहिली, दुसरी, तिसरी, आणि चौथीला मी हात जोडले. धाकटीनं माझाच आलेख काढला.

एक धडा तिच्या पुस्तकात नव्हता, पण मला राहवेना. पुण्यात दुकानात 'आंबेमोहोर' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच आंबेमोहोर नसतंच. बाहेरच्या राज्यांतला, दिसायला तसाच बारका, आखूड तांदूळ त्या नावानं खपतो. कच्चा तांदूळ हातात घेऊन माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला काय कळणार? जॉर्ज अकरलॉफनं १९७० मध्ये जुन्या मोटारींवर एक निबंध लिहिला होता, ज्यासाठी पुढे २००१ चं नोबेल मिळालं (दोघांसोबत वाटून). मुद्दा साधा आहे. गिऱ्हाइकाला खरं-खोटं ओळखता येत नसेल तर तो सरासरी मालाचा भाव देतो. त्या भावात खऱ्या मालवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठतो. मग उरलेल्या मालाची सरासरी आणखी घसरते. जुन्या मोटारी काढून तिथे आंबेमोहोर घाला, काही बदलावं लागत नाही. आंबेमोहोराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं ते यासाठीच. नाव खऱ्यालाच मिळावं. पण मामांचा जीआय म्हणजे मी. आमच्या सोसायटीत "हा यांच्या मामांच्या शेतातला" एवढ्या एका वाक्यावर वर्षाला शंभर किलो जातो.

दुपारी जेवणं झाली आणि थोरल्यानं डोळ्यानं खूण केली. लॅपटॉप उघडला.

शीट अगदी सरळ होतं. वीस गुंठे, गुंठ्याला चार लाख, ऐंशी लाख रुपये. बँकेत समजा सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला पाच लाख साठ हजार. समोर त्याच वीस गुंठ्यांत वर्षाला सत्तावीस हजारांचा इंद्रायणी. त्यातून नांगरट, लावणीची मजुरी, खत वजा करायचं ते वेगळंच. शेवटचा रकाना मी मुद्दाम पिवळा केला होता. ५,६०,००० भागिले २२५.

"मामा, संधी खर्च धरला तर तुमचा आंबेमोहोर अडीच हजार रुपये किलो पडतो. तुम्ही एकशे दहाला विकताय."

थोरला खूष. धाकटीनं तो आकडा वहीत लिहून घेतला. मामा पान लावत होते, ते लावत राहिले. मग म्हणाले, "हिशोब बराबर हाय. पण तुझ्या त्या चार लाखात कुणाची जमीन आली?"

मला प्रश्न कळला नाही. मामा म्हणाले, चला. आम्ही बाहेर पडलो.

एप्रिल संपत आलेला. राब भाजून झाले होते, खाचरांच्या कोपऱ्यांत काळे चौकोन. घरामागच्या टेपावरून पाणी दिसतं. या दिवसांत पाणी बरंच खाली जातं आणि काठाला चिखलाच्या वर दगडी बांधांच्या ओळी उघड्या पडतात. जुनी खाचरं. मामांनी बोट केलं. "आजाचं गाव तिथं खाली."

मुळशी सत्याग्रहाची गोष्ट आपण शाळेत एका ओळीत संपवलेली असते, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीनं मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायला घेतलं. पन्नासावर गावं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते इथूनच. तीन वर्षं चाललं, माणसं तुरुंगात गेली, बापट तर पुन्हा पुन्हा, आणि १९२४ पर्यंत लढा मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळेचं पाणी एरवी पुण्याकडे यायचं, ते सह्याद्री पोखरून कोकणात सोडलं. एका थेंबातून वीज की घाटावर शेती आणि प्यायला पाणी, ही तर शंभर वर्षं चाललेली संधी खर्चाचीच चर्चा आहे. पण मला सांगायचंय ते नुकसानभरपाईबद्दल.

त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा होता. बाजारभाव, आणि सक्तीनं घेतोय म्हणून वर पंधरा टक्के. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, कसणारे वेगळे. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय, त्यात ही फाटाफूट नीट मांडलीय. सावकाराला जमीन म्हणजे पैसा अडकवायची जागा. त्याला भरपाई चालणार होती, फक्त ती किती, एवढाच वाद. कसणाऱ्याला काय मिळणार? मामांचे आजोबा कूळ होते. ते टेपावर सरकले, पुन्हा दुसऱ्याच्या जमिनीत राबले, आणि १ एप्रिल १९५७ नंतर कूळकायद्यानं हे खाचर त्यांच्या नावावर झालं. म्हणजे माझ्या शीटमधल्या 'वीस गुंठे' या रकान्यात एवढं सगळं बसलेलं होतं.

आणि तिथे उभं राहून मला मामांचा प्रश्न कळला. तुझ्या चार लाखात कुणाची जमीन आली?

चार लाख हा भाव कुठून आला? आजूबाजूला ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या खरेदीखतांवरून. म्हणजे त्यात फक्त विकणारे आहेत! ज्यानं विकली नाही त्याचा भाव नोंदलाच जात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲप कसं आहे हे फक्त अनइन्स्टॉल करणाऱ्यांना विचारल्यासारखं झालं. पुरवठ्याचा वक्र डावीकडून उजवीकडे चढत जातो, हे आपण पाठ करतो. पण तो वक्र म्हणजे माणसंच असतात ओळीनं उभी. सगळ्यात डावीकडे ज्याला मुलीचं लग्न, दवाखाना, कर्ज आहे तो. मग ज्याची पोरं पुण्यात स्थायिक झालीत तो. असं करत करत शेवटचा जो विकायला कसाबसा तयार होतो त्याच्यापाशी भाव ठरतो. त्याच्या उजवीकडे उभे असलेले सगळे याच भावाला 'नाही' म्हणालेले असतात, प्रत्येकाची राखीव किंमत त्याहून जास्त. आणि सरकार सक्तीनं जमीन घेतं तेव्हा या उजवीकडच्यांनाही चार लाखच धरून देतं. पंधरा टक्के हा त्या फरकाचा अंदाज होता. १९८४ मध्ये ते तीस टक्के केले. २०१३ च्या कायद्यानं शंभर टक्के केले आणि खेड्यात बाजारभावालाच दोन पटींपर्यंत गुणायची सोय ठेवली. आकडा वाढत गेला, पण तो अंदाजच. एखाद्याची राखीव किंमत काय हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, त्याला नाही म्हणायची मुभा असणं.

मामांना ती मुभा आहे. त्यांच्या आजोबांना नव्हती.

मी हे टेपावर उभं राहून धाकटीला समजावत होतो आणि थोरला मागे उभा राहून ऐकत होता. तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. "दादा, तू त्यांना समजवायला आलता का मला? सत्तावीस हजारात माझी पोरं शिकवून दाखव. अण्णांची राखीव किंमत अण्णांची झाली. माझी काय धरली का कुणी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात 'कुटुंब' हे एकच डोकं धरतात. एका घरात दोन वक्र असतात हे पहिल्या वर्षाला शिकवत नाहीत.

मामा म्हणाले, "टेम्पो घेतलेस अन् न्हाई चाललं, तर टेम्पो इकता येईल. जमीन परत घेता येईल का?" थोरला म्हणाला, न घेता येऊ दे, पण आज विकली नाही तर हीच पार्टी उद्या असेल का? दोघंही बरोबर. रोलबॅक नसलेला निर्णय थांबवून ठेवण्याला काही किंमत असते, आणि थांबण्यालाही किंमत मोजावी लागते. माझ्या शीटमध्ये दोन्हींचा रकाना नव्हता. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' येऊन गेल्यापासून जमीन विकणाऱ्याकडे सगळे त्याच नजरेनं बघतात, हेही थोरल्याला खुपतं. जमिनीच्या पैशात धड धंदा उभा केलेली माणसंही आहेत की गावात.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग धाकटी, जी सकाळी तोफांना घाबरत होती, म्हणाली, "पण अण्णा, त्यास्नी खाचरच कशाला पायजे?"

आम्ही तिघं तिच्याकडे बघायला लागलो.

तिचं म्हणणं असं की पुण्याच्या माणसाला काही भात लावायचा नाही. त्याला बसून पाणी बघायचंय. आणि पाणी दिसतं ते या टेपावरून. टेपावरची जमीन वरकस, तिथे पूर्वी नाचणी-वरई व्हायची, आता नुसतं गवत. मामांच्या लेखी तिची किंमत जवळजवळ शून्य. खाचरातून धरण दिसतच नाही, मध्ये आंब्याची झाडं आहेत. म्हणजे जे घेणाऱ्याला जास्त मोलाचं आणि देणाऱ्याला कमी, ते सोडून उलटाच सौदा चाललाय!

हे तिला मी शिकवलं नव्हतं. देवाणघेवाणीत दोघांचा फायदा होतो तो दोघांच्या लेखी मोल वेगळं असतं म्हणून, हा धडा आमच्याकडून राहिलाच होता.

थोरल्यानं लगेच काढलं, "वर रस्ता कुठाय? चार लाख रस्त्याचे हायेत." तेही खरंच. रस्ता करायचा तर तो खाचराच्या कडेनंच न्यावा लागणार, म्हणजे एक-दीड गुंठा जाणार, आणि शेजारच्यांच्या बांधाचा प्रश्न वेगळा. मामांनी खाली बसून काटकीनं मातीत रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. वरकसचा भाव काय येईल ते कोणालाच सांगता येईना. थोरला म्हणाला, दलालाला विचारून बघतो. मामा "बघू" म्हणाले. पण या वेळी त्यांनी पावलांनी अंतर मोजलं, आणि थोरला दुसरं टोक धरून उभा राहिला.

संध्याकाळी निघताना मामींनी आंबेमोहोराची पाच किलोची पिशवी गाडीत ठेवली. मी पाकीट काढलं तर रागावल्या. धाकटी दारातून ओरडली, "दादा, साडेबारा हजार झाले!"

तिचा पेपर बरा गेला म्हणते. संधी खर्चावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता. उदाहरण तिनं तोफा आणि लोण्याचंच लिहिलं, तपासणारा कोण असेल सांगता येत नाही म्हणून.